विचारा की! – चहाचा वाडगा, आपला आवा आणि मधले पाचशे डिग्री

गेल्या अंकात लाकडाच्या भट्टीत भाजलेल्या चहाच्या वाडग्यांचा एक फोटो छापला होता, फक्त एक फोटो आणि खाली दोन ओळी, आणि त्याच्यावर एवढी पत्रं आली की संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्या कुंभारकामाच्या स्टुडिओत आणून टाकला, म्हणाले आता तूच निस्तर. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. ज्यांचे प्रश्न बाकीच्यांच्या पण कामाला येतील ते घेतलेत, नावं मुद्दाम छापली नाहीत.

प्रश्न : मुलीनं वाढदिवसाला असाच एक वाडगा दिला. १८०० रुपये दिले म्हणे. एका बाजूनं हिरवट काच ओघळल्यासारखी दिसते, दुसरी बाजू खरबरीत तपकिरी, बुडाला तीन पांढरट डाग आणि कान तर नाहीच. मला वाटतं दुकानदारानं सेकंडचा माल गळ्यात मारला. मुलगी म्हणते आई तुला कळत नाही. कोण बरोबर? – एक गृहिणी, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, मुलगी बरोबर आहे, पण तुम्हाला पण मी नावं ठेवणार नाही, कारण सहा कपांचा सेट घ्यायचा तो सहाच्या सहा सारखे बघूनच, ही नजर आपल्याला लहानपणापासून लागलेली. या वाडग्याला ती नजर चालत नाही.

बघा, भट्टीत लाकूड जळतं तेव्हा राख काय खाली बसून राहत नाही, ती ज्वाळेवर बसून भांड्यांच्या मधनं वाट काढत धुराड्याकडं पळते, आणि वाटेत जे आडवं येईल त्याच्यावर पडते. लाकडाच्या राखेत चुना म्हणजे कॅल्शियम भरपूर आणि थोडं पोटॅशियम. आत १२०० डिग्रीच्या वर गेलं की ही राख मातीतल्या सिलिकाला, म्हणजे वाळूत असतं त्या द्रव्याला, धरून वितळते आणि तिची चक्क काच होते. तुमची हिरवट काच ती हीच, कुणी ब्रशनं लावलेली नाही. हिरवा रंग येतो तो माती-राखेतल्या जराशा लोखंडामुळं, भट्टीत हवा कमी पडली की लोखंड लाल न होता हिरवट-राखाडीकडं झुकतं. आता जी बाजू आगीकडं तोंड करून होती तिच्यावर राख बसली, आणि पाठ दुसऱ्या कुठल्यातरी भांड्याच्या आडोशाला होती ती कोरडी राहिली. वाडगा भट्टीत कुठं आणि कसा उभा होता हे मला तुमच्या पत्रावरनंच सांगता येतंय, पुढच्या रांगेत, उजवीकडं किंवा डावीकडं कुणीतरी शेजारी असलेला.

तीन डाग म्हणजे पाय. वितळलेली राख खाली ओघळून भांडं भट्टीतल्या फळीला (लाकडाची नव्हे, आगीत टिकणारी) चिकटू नये म्हणून बुडाखाली न वितळणाऱ्या मातीच्या तीन गोळ्या ठेवतात, थंड झाल्यावर त्या टकटक करून काढायच्या, त्यांचा तो डाग. मी कधीकधी गोळ्यांच्या ऐवजी मालवणहून आणलेले शिंपले वापरतो, आत माती भरून. शिंपला भाजला की त्याचा चुना होतो, पाण्यात टाकला की भुगा होऊन सुटतो, आणि बुडाला शिंपल्याच्या रेघा उमटून राहतात. लोक वाडगा उलटा करून तेच बघत बसतात.

कानाचं म्हणाल तर आपण बशीतनं फुर्र करून चहा पितोच की, बशीला कुठं कान असतो? खालच्या कड्याला अंगठा आणि वरच्या काठाला बोट असं धरा, चटका बसणार नाही. बसला तर वाडगा फार पातळ केलाय, ती मात्र खरी खोट.

१८०० जास्त का कमी ते तुम्ही ठरवा, मी माझा हिशेब सांगतो. माझी भट्टी लहान, तरी ३०-३२ तास सलग जाळावी लागते, दीड टनाच्या आसपास लाकूड जातं, तीन माणसं पाळीनं झोपतात. दीडशे नग आत जातात, त्यातले वीस-पंचवीस तडकतात, चिकटतात, वाकतात. आणि माझी भट्टी म्हणजे पोरखेळ, जपानमध्ये बिझेन गावची भांडी दहा-दहा, चौदा-चौदा दिवस भाजतात आणि त्यांना ग्लेज, म्हणजे काचेचा लेप, अजिबात लावत नाहीत, जे काय करायचं ते आगीनं करायचं. त्यांची जुनी भट्टी, अनागामा म्हणतात, एकाच लांब बोगद्याची, ती पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियातनं तिकडं गेली.

अजून एक सांगतो, मुलीला पण सांगा. जपानमध्ये चहाच्या वाडग्यांत सगळ्यात मोठा मान किझाएमोन इदो नावाच्या एका वाडग्याला आहे, क्योतोच्या दाइतोकुजी मंदिराच्या आवारात ठेवलाय, राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलेला. तो मुळात जपानी नाहीच. सोळाव्या शतकातला कोरियातला, रोजच्या वापरासाठी कुणा साध्या कुंभारानं भराभर केलेला असं मानतात, जरासा वाकडा, बुडाजवळ ग्लेज गोळा होऊन फुटल्यासारखी झालेली. तो राजारामपुरीत कुणी वाढदिवसाला दिला असता तर सेकंडच ठरला असता.

प्रश्न : स्टेशनवरचा कुल्हड आणि हा वाडगा, दोन्ही मातीचेच ना? मग एक पाच-दहा रुपयाला आणि एक हजाराच्या वर कसा? – एक कॉलेजकुमार, शाहूपुरी

दोघांच्या मध्ये पाचशे डिग्री आहेत भावा. कुल्हड, पणती, सुगड, माठ हे सगळं आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीत, भाजतात, तिथं सातशे-आठशे डिग्री मिळते. माती पक्की होते पण तिच्यातली बारीक छिद्रं उघडी राहतात, म्हणूनच माठात पाणी गार होतं, पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हा वाडगा १२५०-१३०० ला भाजलाय, तिथं मातीतलं काही वितळून छिद्रं बुजतात, माती दगडासारखी होते, म्हणून त्याला स्टोनवेअर म्हणतात. कुल्हड पाणी पितो, हा पीत नाही. माठ स्टोनवेअरचा केला तर पाणी गारच होणार नाही, तेव्हा पाचशे डिग्री जास्त म्हणजे जास्त भारी असं पण समजू नकोस.

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे, राख ढिगानं पडते. शेतात काळी माती पण आहे. राखेची काच होते असं तुम्ही फोटोखाली लिहिलं होतं. मग माझ्याकडं दोन्ही माल फुकट आहे की! जमेल का? – एक शेतकरी, कागल तालुका

दादा, अर्धं जमेल.

काळ्या मातीचं आधी. उन्हाळ्यात तुमच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच वाडग्याला होणार. बसाल्ट दगड झिजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना प्रचंड आक्रसते. चाकावर चिकटून बसते, वाळताना फाटते. आपले कुंभार नदीकाठची, तळ्यातली गाळाची माती घेतात आणि तिच्यात लीद, राख, तूस मिसळतात ते उगीच नाही, त्यानं तिचा ताठा मोडतो. तुमची काळी माती तुम्ही उसालाच ठेवा.

राखेचं मात्र मला तुमचं पत्र वाचून हुरूप आला. पण एक भानगड आहे. तुमच्या चुलवाणात जळतात चिपाडं, आणि उसाच्या राखेत चुना कमी, सिलिका जास्त. सिलिका एकटी १३०० ला वितळत नाही, ती पांढरी पीठ होऊन बसते. बाभळीच्या, सुबाभळीच्या लाकडाची राख उलट, चुन्याची, ती वितळते आणि दुसऱ्याला पण वितळवते. दोघींची सोयरीक लावायची. तांदळाच्या तुसाच्या राखेचं पण असंच, जपानी लोक तिच्यापासनं दुधासारखी पांढरी ग्लेज करतात, नुका म्हणतात, आणि मी ती आजऱ्याच्या घनसाळाच्या तुसावर करून बघितली, साय धरल्यासारखी आली. सुरुवातीला तुसाची किंवा चिपाडाची राख एक भाग, लाकडाची राख एक भाग, फेल्डस्पार (वितळायला मदत करणाऱ्या दगडाची पावडर) एक भाग, एवढं सोपं माप घ्या आणि मग आपल्या भट्टीप्रमाणं कमी-जास्त करा.

राख थेट वापरू नका. बादलीत भिजवा, वरचं पाणी दोन-तीनदा बदला, कपडा किंवा बारीक चाळणीतनं गाळा. ते पाणी हाताला सोलतं, जुन्या बायका राखेनं भांडी का घासायच्या ते तेव्हा कळतं, तेव्हा रबरी हातमोजे घाला. सुकी राख आणि सिलिकाची पावडर चाळताना मास्क पाहिजेच, हे धूळ छातीत जाऊन बसायचं काम आहे, त्याच्यात हयगय नको. मी स्टुडिओत झाडू मारतच नाही, ओल्या फडक्यानंच पुसतो.

आणि जाता जाता, तुमच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारणारा गडी आहे ना, त्याला एकदा माझ्या भट्टीवर पाठवा. खरंच पाठवा. शहरातली शिकलेली पोरं येतात, भसाभस लाकूड कोंबतात, धूर काढतात आणि उष्णता वाढायच्या ऐवजी उतरते. तुमचा गडी काहिलीकडं न बघता आवाजावरनं ओळखतो कधी घालायचं आणि कधी थांबायचं. लाकडाच्या भट्टीचं गणित तेच, थोडं घाला, ज्वाळा लांब होऊन परत आखूड झाली की पुढचं घाला. शेवटच्या आठ तासांत तर दर तीन-चार मिनिटाला. गुळव्या गूळ पाण्यात टाकून गोळी बघतो, तसं आम्ही आत कोन ठेवलेले असतात, ठराविक उष्णतेला वाकणारे मातीचे सुळके, भोकातनं बघायचे. शेवटचा सुळका मान टाकतो तेव्हा भट्टी बंद.

प्रश्न : वाडग्यात रोज चहा घेते. आत केसासारख्या बारीक रेघा पडल्यात आणि त्या तपकिरी होत चालल्यात. दुधाचा वास पण येतो. आतून फुटलाय का? मायक्रोवेव्हमध्ये चालतो का? विषारी तर नाही ना? – एक शिक्षिका, मंगळवार पेठ

बाई, आधी ठोकून बघा. हाताच्या तळव्यावर वाडगा मोकळा ठेवायचा आणि बोटाच्या पेरानं काठावर हलकेच टिचकी. टण्ण वाजला आणि आवाज जरा रेंगाळला तर धडधाकट. थप्प, बद्द असा वाजला तर अंगात तडा आहे. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवाला कच्चं ठरवलं ती गोष्ट तुम्ही वर्गात सांगत असाल, ती काय नुसती गोष्ट नाही, कुंभार आजही असंच बघतो.

टण्ण वाजत असेल तर त्या रेघा ग्लेजच्या आहेत, मातीच्या नाहीत. भट्टीतनं थंड होताना ग्लेज मातीपेक्षा जास्त आक्रसली की तिला अशी जाळी पडते. काही ठिकाणी ती मुद्दाम पाडतात. जपानमध्ये हागी गावचे वाडगे आहेत, मऊ मातीचे, त्यांच्या जाळीत चहा मुरून मुरून रंग बदलतो आणि त्याला सात रंग पालटणारी हागी असं कौतुकानं म्हणतात. पण ते लोक पितात पाण्यात घुसळलेला हिरवा चहा, आणि आपण गंगावेशीतलं म्हशीचं दूध आटवून, साखर घालून, आलं ठेचून. साय जाळीत शिरली की वास मारणारच. चहा संपल्या संपल्या गरम पाण्यानं विसळा, रात्रभर तळाला घोट ठेवू नका (सगळे ठेवतात!), आणि महिन्यातनं एकदा खायचा सोडा घालून कोमट पाण्यात तासभर ठेवा. नवीन वाडगा असेल तर पहिल्याच दिवशी भाताच्या पेजेत अर्धा तास मंद उकळा आणि तिच्यातच गार होऊ द्या, पेजेतला स्टार्च बारीक छिद्रांत बसतो. आपल्या आज्या नवीन खापरी वापरायला काढताना असंच काहीतरी करायच्याच.

मायक्रोवेव्ह : नीट पक्का भाजलेला असेल तर चालतो, पण फ्रीजमधनं काढून थेट नको. हात लावल्यावर चहापेक्षा वाडगाच जास्त तापलेला वाटला तर त्यानं पाणी धरलंय, परत घालू नका.

विषाचं : १२५० च्या वर भाजलेल्या राखेच्या ग्लेजची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती कमी तापावर भाजलेल्या, भडक लाल-पिवळ्या, आरशासारख्या चकचकीत भांड्यांची, त्यात शिसं असू शकतं आणि लिंबू, चिंच, दही अशा आंबटानं ते सुटतं. घरी एक करता येतं, आत लिंबाची फोड रात्रभर ठेवा, सकाळी तिथली ग्लेज फिकी किंवा खरबरीत झाली असेल तर त्यात खाणंपिणं बंद, पेन ठेवायला वापरा. ग्लेजवर काही फरक दिसला नाही म्हणून शिसं नाहीच असं मात्र नाही, ते लॅबमध्येच कळतं.

आणि राकू लिहिलेला वाडगा असेल तर तो चहाला नको, शोभेला ठेवा. त्याची सुरुवात सोळाव्या शतकात क्योतोत चोजिरो नावाच्या कुंभारानं सेन नो रिक्यू या चहागुरूसाठी केली, तिकडं त्यातनं चहाच पितात, पण आपल्या वर्कशॉपमध्ये भुशात धुरवून जो राकू करतात तो कच्च्या अंगाचा असतो, झिरपतो.

प्रश्न : आमचं घर बापट कॅम्पला, पिढीजात कुंभार. आजोबा मडकी करायचे, वडील आता फक्त गणपती करतात. चाक माळ्यावर पडलंय. मला हे लाकडाच्या भट्टीचे वाडगे करायचेत. वडील म्हणतात आपलीच माती, आपलाच आवा, त्यात काय शिकायचंय? भट्टी बांधायला किती येईल? – एक वाचक, वय २२

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

वडिलांना माझा एक किस्सा सांग. पाच-सहा वर्षांमागं मला पण असंच वाटलं होतं, आपली माती असताना गुजरातची पोती कशाला आणायची? गंगावेशीतल्या एका ओळखीच्या काकांकडनं दोन घमेली तयार माती आणली, काय सुंदर चालली चाकावर, लोण्यासारखी. आठ वाडगे केले, मधल्या फळीवर ठेवले. भट्टी उघडली तर वाडगे नाहीत! फळीवर चॉकलेटी-काळ्या रंगाचं चकाकतं डबकं, आणि ते ओघळून खालच्या वाडग्यांच्या काठांवर पण पडलेलं. लोखंड भरपूर असलेली आपली लाल माती ११०० च्या पुढं मान टाकते आणि १२८० ला पाणी होते. दोन फळ्या गेल्या, छिन्नीनं खरवडत बसलो दोन दिवस, आणि त्या फळ्या काय स्वस्त नसतात.

पण खरवडता खरवडता ते डबकं बघत होतो. काळं, काठाला तांबूस, इतकी खोल चमक की मी ग्लेजच्या बरण्या विकत आणून पण ती मला आली नव्हती. मग तीच माती पाण्यात कालवून दह्याएवढी पातळ केली, कापडातनं गाळली आणि स्टोनवेअरच्या वाडग्यांवर ओतली. गेली चार वर्षं माझे काळे वाडगे सगळे त्याच मातीचे आहेत. भांडं म्हणून ती १२८० ला टिकत नाही, अंगावरचं कातडं म्हणून टिकते. चीनमध्ये सोंग राजवटीत जे काळे वाडगे होते, सशाच्या केसांसारख्या रेघांचे, त्यांचा काळा रंग पण लोखंडाचाच.

तेव्हा अंगाची माती बाहेरची घ्यायची, बिकानेरकडची बॉल क्ले (चिकट माती), गुजरातेतल्या थानकडची चायना क्ले (पांढरी माती), त्यात क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीची पावडर आणि फेल्डस्पार, आणि घरची माती दहा टक्के रंगापुरती. वाळून भाजून सगळं मिळून दहा-बारा टक्के लहान होतं, तेव्हा वाडगा मोठाच करायचा.

आता शिकायचं काय. हात तुझ्या घरात आहेत, ते मला पंचवीस वर्षांत आले नाहीत, थापी आणि आतला गोटा घेऊन डेरा वाढवणं हे मी बघितलंय, माझ्यानं होत नाही. तुला येत नसणार ते एक म्हणजे बूड. मडक्याला बूड गोल, ते चुलीवर नाहीतर चुंबळीवर बसतं. वाडग्याला खाली कडं लागतं. चाकावरनं काढून एक रात्र ठेवायचा, माती चामड्यासारखी झाली की उलटा लावायचा आणि पत्तीनं कोरायचा. साल निघते ती शिसपेन्सिलीच्या सालीसारखी लांब निघाली की वेळ बरोबर. चिकटली तर घाई झाली, भुसा पडला तर उशीर. कोरताना मध्ये टिचकी मारत राहायचं, आवाज पोकळ यायला लागला की थांब, नाहीतर पत्ती आरपार. शंभर वाडग्यांची बुडं फोड, मग जमेल.

शिकायला बेळगावच्या पुढं खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाचं कुंभारकामाचं प्रशिक्षण आहे, जवळ पडतं, तुझी भाषा पण चालते. मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात सिरॅमिक विभाग आहे. आणि पाँडिचेरीचं गोल्डन ब्रिज पॉटरी माहिती असू दे, रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या दोघांनी १९७१ मध्ये सुरू केलं, आज देशात स्टोनवेअर करणारे कितीतरी लोक त्यांच्याकडं शिकलेले. लांब जायच्या आधी एक दुपार टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये काढ. पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी टेकडी १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी खणली, सातवाहनांच्या काळातलं गाव निघालं तिथं. तो पितळेसारखा दिसणारा रोमन समुद्रदेव, पोसायडन, तो पण ब्रह्मपुरीचाच. सगळे त्याचा फोटो काढून बाहेर पडतात. तू ब्रह्मपुरीच्या बाकीच्या वस्तू बघ, तुझी गल्ली आणि ती टेकडी यात किती अंतर आहे ते बघ.

भट्टीचं आत्ता नाव काढू नकोस. फायरब्रिक, फळ्या, धुराडं धरून लाखांत जातं, आणि बापट कॅम्पात एवढ्या दाटीत तीस तास धूर काढलास तर शेजारी तुलाच आत घालतील. प्लायवूडचे आणि रंगवलेल्या लाकडाचे तुकडे वखारीत स्वस्त मिळतात म्हणून तर अजिबात जाळायचे नाहीत, तो धूर अंगाला वाईट. भट्टी सगळ्यात शेवटी. आणि गणपतीचा सीझन सोडू नकोस, मी स्वतः वाडग्यांवर घर चालवायला लागेपर्यंत दहा वर्षं गेली, मधली वर्षं क्लास घेऊन काढलीत.

माझी पुढची भट्टी दिवाळीनंतर लागणार आहे. तुला दोन पावलांएवढी जागा देतो, मधल्या फळीवर नाही, खाली कोपऱ्यात, आणि खाली ताटली ठेवून, एकदा शहाणा झालोय मी. माळ्यावरचं चाक काढ, घरच्या मातीचे आणि मी सांगितलेल्या मातीचे असे बोटभर रुंद तुकडे करून आण, पाच-पाच. भट्टी उघडायला तिसऱ्या दिवशी ये, आधी नको. एकदा मला धीर धरवला नाही, दुसऱ्या दिवशीच एक वीट काढून डोकावलो, आणि आतनं टिण टिण असे आवाज यायला लागले, ऐकायला देवळातल्या घंटा, पण ते एकेक भांडं तडकत होतं. ५७३ डिग्रीच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ एकदम आक्रसतो, तेवढ्यात गार वारा लागला की संपलं.

तुकड्यांवर कुठली माती ते खिळ्यानं कोरून आण. पेनानं लिहिलेलं आत जळून जातं आणि मग दहा तुकडे घेऊन दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसू.